साळवेसाहेबांचं दार

साळवेसाहेब मीटिंगमध्ये बोलायला उठले की पुढच्या रांगेतली माणसं आपापले चहाचे कप उचलून हातात घ्यायची. कुणी कुणाला सांगायचं नाही, आपोआप व्हायचं. मंडळात नवीन आलेला एखादा बिचारा कप टेबलावर तसाच ठेवायचा आणि मग उरलेली मीटिंग ओल्या पँटीत काढायचा.

मी त्या मंडळाची सेक्रेटरी. मस्कतमधल्या आपल्या बौद्ध कुटुंबांचं मंडळ. एप्रिलची जयंती, वैशाखी पौर्णिमा, डिसेंबरात कॅलेंडरवाटप आणि थंडीत एक सहल, एवढाच आमचा पसारा. मी राहते बौशरला, नोकरी करते एका कन्सल्टंटच्या ऑफिसात, आणि माझं तोंड फार चालतं यावर सासूबाईंपासून ऑफिसच्या अर्बाबपर्यंत, म्हणजे मालकापर्यंत, सगळ्यांचं एकमत आहे. तर त्याच तोंडानं आधी सांगून टाकते, मला भगवान साळवे हा माणूस आवडायचा नाही. आता ते इथं नाहीत, तरी मीटिंगला बसले की माझा हात आपोआप कपाकडे जातो. मग चुकल्याचुकल्यासारखं होतं, आणि त्याचाही मला राग येतो.

माणूस उंचीला बेताचा. हात मात्र एखाद्या दांडग्या पैलवानाचे आणून जोडल्यासारखे. राग आवरायचा असला की ते दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांवर बसायचे. ही सवय रंजनावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं लावली होती म्हणे. मीटिंगमध्ये माझं निम्मं लक्ष अजेंड्यावर आणि निम्मं त्या मांड्यांवर असायचं. हात बाहेर आले की आता काहीतरी फुटणार.

मूळचे जालन्याकडचे. शिकलेले, इंजिनियर. क्रेननं जड वजनं उचलायच्या कामाचे ते मोठे साहेब होते. ऑफिसात इंग्रजी, साइटवर हिंदी, आणि चिडले की थेट गावाकडची भाषा. "तोंडानं सांगून पाह्यलं, आता हात सांगंल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका जयंतीला स्पीकरवाला उशिरा आला आणि वर हसत "सॉरी बॉस" म्हणाला. साहेबांनी त्याची कॉलर धरून त्याला हॉलच्या भिंतीवर असा आपटला की मागची पताकांची माळ तुटून दोघांच्या अंगावर पडली. मग त्याला तिथंच सोडून स्वतः चारही स्पीकर खांद्यावरून आत आणले, वायरी जोडल्या, आणि वंदनेला पहिल्या रांगेत डोळे मिटून बसले. स्पीकरवाल्याच्या ओठातून रक्त येत होतं. मी त्याला बर्फ दिला आणि साहेबांना सगळ्यांसमोर झापलं. ते म्हणाले, "ताई, वंदना सुरू हाय, मागून बोला." मागून मी बोललेच, चांगला पाऊण तास.

या हातावर त्यांचा एवढा विश्वास कसा बसला, ते मला हनीफभाईंनी सांगितलं. हनीफभाई रत्नागिरीकडचे. त्यांची बस आहे, आमच्या सगळ्या सहली तिच्यातूनच होतात. पूर्वी ते सहमजवळच्या एका साइटवर कामगारांची ने-आण करायचे, आणि साळवेसाहेब तिथंच होते. "बाय, मी तवा थयच उभो होतो," हनीफभाई म्हणाले. "वर पायपांचा बिंडा टांगलेला, आणि एक पोरगा त्याच्या बरोबर खाली. कानाला बूच. लोक वरडतायत, त्याला काय ऐकू येना. साहेब धावत गेले नि असा हाणलान, असा हाणलान, की तो पोरगा उडून लांब जाऊन पडला. दोन दात भायेर. आणि तेवढ्यात वरचा पट्टा तुटला नि सगळे पायप त्याच जाग्यावर."

तो पोरगा अजून इथंच आहे. दर ईदला खजुरांचा डबा घेऊन साळव्यांच्या घरी यायचा आणि दोन दातांची फट दाखवत हसायचा. साहेब आल्यागेल्याला त्याला उभं करून दाखवायचे. "बघा, ह्याला समजावून सांगत बसलो असतो तर?" माझं स्पष्ट मत सांगते, त्या एका ठोशानं त्या पोराचा जीव वाचला आणि साळवेसाहेबांचं वाटोळं झालं. त्यानंतर त्यांना प्रत्येकाच्या डोक्यावर पाइप टांगलेले दिसायला लागले. स्पीकरवाल्याच्या, बायकोच्या, पोरीच्या.

त्यांचं घर अल हैलला होतं, कंपनीचा फ्लॅट. मंडळातलं असं एक घर नसेल जे तिथं जेवलं नाही. मटण साहेब स्वतः करायचे, आणि "घ्या" म्हणायचे तेही दम दिल्यासारखं. जेवणाच्या टेबलासमोर स्वयंपाकघराचं दार, आणि त्या दारावर आमच्या मंडळाचं कॅलेंडर, ध्यानस्थ बुद्धाच्या चित्राचं. ते लावलेलं मात्र इतकं खाली, की तारीख बघायला वाकावं लागायचं. बायका चेष्टा करायच्या, "वहिनी, तुम्ही काय बसून तारखा बघता का?" वहिनी हसायच्या आणि पोळ्या वाढायच्या. डिसेंबरात कॅलेंडरं छापून आली की पहिला फोन त्यांचा. "मीनाताई, माझं एक आधी काढून ठेवा हं. आणि मोठ्या साइजमधलं." मला वाटायचं, काय ही श्रद्धा. दर वर्षी पहिलं कॅलेंडर मी स्वतः नेऊन द्यायचे.

त्यांना एकच मुलगी, प्रज्ञा. इथंच जन्मली, इथंच शिकली. मराठी बोलताना शब्द शोधत बोलणारी, आणि हात सतत काहीतरी रेखाटणारे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तिनं इंजिनियरिंग सोडून चित्रकला घेतली, घरी न सांगता. त्यानंतर सहा महिने ती आम्हाला कुठं दिसली नाही. जिना उतरताना पडली, मनगटाला लागलंय, असं वहिनी सांगायच्या. मग कळलं की ती हॉस्टेलला राहायला गेली. मोठी झाली, जातात मुलं, असं आम्ही म्हटलं आणि विषय संपला.

आणि मग एका जानेवारीत, सहलीच्या मीटिंगला, साळवेसाहेब उठून म्हणाले, "या वर्षी बीच नको. म्युझियमला जायचं. चित्रांच्या."

आमची सहल म्हणजे सहमचा किनारा, कोळशावर भाजलेली कोंबडी आणि बायकांची संगीत खुर्ची. अध्यक्ष खरातसर हसले. खरातसर अकाउंट्समधले मोठे अधिकारी, सगळं गोडीगुलाबीनं मिटवणारे, कुणाशी वाकडं नाही. ते म्हणाले, "साहेब, म्युझियममध्ये बार्बेक्यू कुठं लावायचा? चित्रासमोर?"

हशा पिकला. मी बघत होते, साहेब खाली बसले आणि हात मांड्यांखाली गेले. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब कधीपासून चित्रं बघायला लागले?" हात बाहेर आले. टेबलाला वरून काच होती. मूठ अशी खाली आली की काच मधोमध फुटून दोन्हीकडे उडाली. कपबश्या खाली, चहा अजेंड्यावर, आणि साहेबांच्या मुठीतून रक्ताची धार. ते मूठ उघडेनात की हलवेनात. तसेच उभे राहून म्हणाले, "शनिवारी. सगळे. लेकरंबाळं धरून. पांढरे कपडे घालून. कोण येणार न्हाई त्यानं आत्ता हात वर करावा."

कोण करणार हात वर? मी उठले, ओढणी फाडली आणि त्यांच्या हाताला गुंडाळली. म्हटलं, "साहेब, म्युझियमला हे रक्त दाखवायला न्यायचंय का सगळ्यांना?"

"ताई, तुम्ही येता का न्हाई तेवढं सांगा."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. काच लागल्याचं असेल असं मी धरून चालले. ठराव एकमतानं मंजूर झाला.

खरं काय ते मला दुसऱ्या दिवशी रंजनावहिनींनी सांगितलं, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये, माझ्या गाडीत बसून, एसी फुल करून. प्रज्ञा जिन्यावरून पडली नव्हती. साहेबांना चित्रकलेचं कळलं तेव्हा ती तिच्या उतरत्या फळीच्या ड्रॉइंग टेबलावर काहीतरी काढत बसली होती. त्यांनी कागद ओढला, तिनं सोडला नाही. त्यांनी टेबलाला लाथ घातली. फळी दुमडली तेव्हा तिचा उजवा हात आत होता. "काकडी मोडल्यासारखा आवाज झाला," वहिनी म्हणाल्या. अगदी सरळ आवाजात, भाव विचारल्यासारखं सांगत होत्या. "मग तेच तिला घेऊन हॉस्पिटलला गेले. सगळा रस्ता स्टिअरिंगवर बुक्क्या मारत. प्लास्टर निघालं त्या दिवशी ती बॅग घेऊन गेली. तेव्हापासून त्यांच्याशी एक शब्द नाही."

आणि आता तिचं एक चित्र तरुण कलाकारांच्या प्रदर्शनात लागलं होतं, मस्कतमधल्या एका म्युझियममध्ये. तिनं आईला मेसेज केला होता. मम्मी तू ये. पप्पांना यायचं असेल तर पब्लिकसारखं यायचं, मला भेटायला नाही.

"पब्लिकसारखं," वहिनी म्हणाल्या. "दोन दिवस तेच घोकत होते. मग म्हणाले, पब्लिकसारखं ये म्हणतीय, तर मी पब्लिकच घेऊन जातो. एकट्याला बघून ती पाठ फिरवंल, चाळीस माणसांपुढं कशी फिरवंल? सगळ्यांपुढं तिचा सत्कार करतो, शाल घालतो. मग तरी बोलंल."

मला हसावं की साहेबांच्या तोंडात मारावी कळेना. असा हिशेब फक्त आपलाच माणूस करू शकतो. आपल्याकडे पोरगं दहावी झालं तरी सत्कार, नोकरी लागली तरी सत्कार. शाल, गुच्छ, परिचय आणि ग्रुप फोटो झाला की सगळं झालं. वहिनींनी त्यांना सांगून पाहिलं होतं. ऐकतील तर साळवे कसले. आणि वहिनींची एकच आशा होती, त्या निमित्तानं पोरगी एकदा घरी येईल, समोर बसून जेवेल. म्हणून मीही तयारीला लागले.

तयारी म्हणजे काय, विचारू नका. साहेबांनी ती म्युझियम ट्रिप क्रेनच्या कामासारखी चालवली. दोन संध्याकाळी सगळ्यांना हॉलच्या पार्किंगमध्ये बोलावून रंगीत तालीम घेतली. दोरी धरून रांगा. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, फोटोला लेकरं पुढं, उंचीप्रमाणं. "चित्राला कुणी बोट लावलं तर बोट मोडीन," ते ओरडले, आणि मुलं एकमेकांकडे बघून इंग्रजीत कुजबुजली, "ही मीन्स इट." एका पोरानं तालमीत चित्र म्हणून लावलेल्या पुठ्ठ्याला हात लावला, तर त्याच्या हातावर असा फटका बसला की पोर हुंदके द्यायला लागलं. त्याचा बाप धावून आला. त्यालाही छातीवर ढकलून पुन्हा रांगेत. मी मध्ये पडले नसते तर ट्रिप तिथंच खलास. म्युझियमला फोनही त्यांनीच केला. पलीकडे बहुधा कुणीतरी शांत आवाजाची ओमानी मुलगी होती. बॅनर आणता येणार नाही म्हणाली असावी. साहेबांचा चेहरा लाल झाला. मग त्यांनी फोन खांद्यात दाबून धरला आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले. "ओके मॅडम. नो बॅनर मॅडम. शाल चालंल का मॅडम?"

शनिवारी बस निघाली. सगळे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, पुरीभाजीची पाकिटं मांडीवर. एका गाडीनं हनीफभाईंच्या बसपुढं अचानक वळण घेतलं आणि साहेब दाराकडे धावले, "थांबवा, ह्याला दाखवतो." हनीफभाईंनी बस थांबवली नाही. आरशात बघून एवढंच म्हणाले, "साहेब, पोलीस आला तर तुमी ठाण्यात नि पोरगी थय वाट बघत. बसा." साहेब बसले. हातांवर बसले. पूर्ण रस्ता त्यांचा जबडा हलत होता.

म्युझियममध्ये गार हवा, पांढऱ्या भिंती, आणि आमच्या चपलांचा आवाज. साहेब सगळ्यांच्या पुढं. वाटेत काय काय सुंदर लावलं होतं, समुद्र, जुन्या होड्या, खजुरांच्या बागा. त्यांनी एकाकडेही पाहिलं नाही. शेवटच्या दालनात प्रज्ञा कोपऱ्यात उभी होती. केस बारीक कापलेले, उजव्या मनगटाला काळा पट्टा. तिनं आम्हा चाळीस जणांना बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. आईकडे बघून तिनं मान हलवली. बापाकडे पाहिलं नाही. चित्र तिच्या शेजारी होतं, खऱ्या दाराएवढं मोठं.

आधी मला फक्त तपकिरी प्लायचं दार दिसलं. मग हँडलला अडकवलेली फुलाफुलांची कापडी पिशवी दिसली, आणि मी म्हटलं, अरे, ही तर वहिनींची. मग खिळा दिसला. खिळ्याखाली फिकट चौकोन, वर्षानुवर्षं काहीतरी लटकल्यावर उरतो तसा. त्या चौकोनाच्या मध्ये भोक. मुठीएवढं, आत फुटलेलं, प्लायची एकेक चिरफाळी रंगवलेली. आत काळोख.

त्या खिळ्याला आमचं कॅलेंडर असायचं. माझ्या हातानं नेऊन दिलेलं, मोठ्या साइजचं. माझ्या अंगाची आग झाली.

सगळ्यांनी ओळखलं. चाळीस माणसं त्या दारासमोर बसून मटण जेवलेली होती. अशा वेळी सगळं सावरून घ्यायची खरातसरांना सवय. त्यांनी खिशातून परिचयाचा कागद काढला आणि वाचायला लागले, "प्रेमळ पित्याच्या छायेत आणि सुसंस्कृत वातावरणात वाढलेली आपली कन्या..." आणि आमची तालीम झालेली माणसं मेंढरांसारखी आपापल्या जागेवर जाऊन उभी राहिली. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, लेकरं पुढं. सगळ्यात पुढं, चित्राला पाठ करून, खरातसरांची धाकटी आर्या. चौथीतली पोर. तिचं डोकं बरोबर त्या भोकासमोर आलं. डोक्याभोवती चिरफाळ्या दिसत होत्या.

"त्या पोरीला तिथून काढा," साळवेसाहेब म्हणाले.

आवाज एवढा बारीक की कुणाला कळलंच नाही. खरातसर वाचतच होते. साहेब पुढं झाले, आर्याला दोन्ही खांद्यांना धरून उचललं आणि बाजूला ठेवलं. पोर घाबरून रडायला लागली. मग ते आमच्याकडे वळले.

"हे आमचं दार हाय," ते म्हणाले. "भोक मी पाडलंय. रंजनाला मारीत होतो. ही मधी येऊन उभी राह्यली. एवढीच होती, ह्या पोरीएवढी. हात उचललेला होता, तो थांबंना. रंजनानं हिला ओढली म्हणून दार फुटलं. न्हाई तर हिचं डोकं होतं तिथं."

खरातसरांनी कागदाची घडी केली. साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "जाऊ द्या हो साहेब. जुनी गोष्ट. घराघरात होतं, पोरीनं मनाला लावून घेतलं एवढंच. चला, फोटो..."

पुढचं मला शब्दात नीट सांगता येत नाही इतकं पटकन झालं. साहेबांनी त्यांची कॉलर धरली आणि त्यांना दोन चित्रांच्या मधल्या भिंतीवर आपटलं. चष्मा उडाला. "जाऊ द्या कसं?" ते म्हणत होते, आणि प्रत्येक वेळी आपटत होते. "जाऊ द्या कसं? सांगा ना. जाऊ द्या कसं?" बायका किंचाळल्या. अबायातली गार्ड "ममनू, ममनू", मनाई आहे, मनाई आहे, म्हणत धावत आली. खरातसरांच्या नाकातून रक्त आलं आणि पांढऱ्या शर्टावर सांडलं. तीन पुरुष साहेबांच्या पाठीला लटकले, तरी तो माणूस हलेना.

"पप्पा," प्रज्ञा म्हणाली. "हात."

हात थांबले.

ती जागची हलली नव्हती. शब्द शोधत शोधत, एकेक करून बोलली. "मी म्हटलं होतं, पब्लिकसारखं यायचं. पब्लिक इथं हात नाही लावत. कशालाच."

त्यांनी कॉलर सोडली. "बरं," म्हणाले. हातांचं काय करावं त्यांना कळेना. बसायला तिथं काही नव्हतं. शेवटी त्यांनी ते काखेत दाबून धरले, थंडी वाजल्यासारखे.

रंजनावहिनी या सगळ्यात एकदाही रडल्या नाहीत. त्या चित्राच्या अगदी जवळ गेल्या, गार्ड बघत होती तेवढ्या अंतरावर थांबल्या, आणि कितीतरी वेळ बघून मुलीला म्हणाल्या, "खिळा जरा डावीकडं आहे गं. बाकी अगदी तसंच."

साहेबांनी मान वर न करता विचारलं, "घरी येशील? एक डाव?"

"दारावर कॅलेंडर आहे अजून?"

"हाय."

"मग नाही," ती म्हणाली.

गार्डनं आम्हाला बाहेर काढलं. पोलीस आले नाहीत, कारण खरातसरांनी पाय घसरला असं सांगितलं. तेवढं त्यांना फार छान जमतं. शाल पिशवीतच राहिली. बसमध्ये पुरीभाजी कुणी खाल्ली नाही. साहेब खरातसरांपुढं जाऊन उभे राहिले आणि "चुकलं" म्हणाले. खरातसर खिडकीबाहेर बघत राहिले. नंतर मंडळात चर्चा काय झाली म्हणता? पोरीनं घरातलं बाहेर काढायला नको होतं. साहेबांनी चारचौघांत बोलायला नको होतं. एक बाई मला म्हणाली, चित्रच काढायचं तर बुद्धाचं काढायचं. मी तिला असं सुनावलं की ती अजून माझ्याशी बोलत नाही, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

त्या डिसेंबरात वहिनींचा फोन आला नाही. मी सवयीनं कॅलेंडर घेऊन अल हैलला गेले. दार साहेबांनीच उघडलं. "जय भीम ताई. ते नको," कॅलेंडर बघून म्हणाले. आत गेले तर भोक उघडं. खऱ्या भोकाच्या कडा बोटांनी चाचपून चाचपून गुळगुळीत झालेल्या. साहेबांनी जेवणाच्या टेबलावरची स्वतःची जागा बदलली होती. आता ते दाराकडे तोंड करून बसायचे. पाहुणे यायचे बंद झाले होते. खजुरांचा डबा घेऊन तो दोन दात पडलेला पोरगा तेवढा आला होता म्हणे. त्यालाही त्यांनी दारासमोर बसवलं आणि विचारलं, "तुला मारलं तवा लागलं का रे?" तो हसून नाही म्हणाला. तर "खरं सांग," म्हणून त्याच्यावर एवढे ओरडले की तो चहा टाकून पळाला. माणूस बदलला वगैरे मी म्हणणार नाही. सोसायटीच्या वॉचमनला त्यानंतरही त्यांनी एकदा ढकललं होतं.

प्रज्ञा मात्र आली. एकदाच. मला वहिनींनी सांगितलं. दाराकडे बघितलं, दारासमोरच्याच खुर्चीवर बसली, आईच्या हातच्या दोन पोळ्या खाल्ल्या. साहेब सगळा वेळ बाल्कनीत, पाठमोरे, हात कठड्यावर. ती निघताना म्हणाली, "पप्पा, जाते." येते नाही म्हणाली. तिचं मराठी कच्चं म्हणून तसं म्हणाली की मुद्दाम, हे साहेबांनी वहिनींना किती वेळा विचारलं असेल. पुढच्याच आठवड्यात ती शिकायला परदेशी गेली.

साहेबांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि ते कायमचे निघाले, त्या दिवशी मी निरोप द्यायला गेले होते. मंडळातून मी एकटीच. खाली हनीफभाईंचा पिकअप उभा, सामान कार्गोच्या गोदामात टाकायचं होतं. खोकी चढली, पलंग चढला, आणि मग दोन हमाल ते दार घेऊन जिन्यावरून उतरले. बिजागऱ्यांसकट. फ्लॅटला साहेबांनी नवीन दार बसवून दिलं होतं, स्वतः, रंधा मारून.

मी म्हटलं, "साहेब, हे फुटकं दार कुठं नेताय? गावाकडं दारं मिळत नाहीत का?"

"तिकडचं घर नवं हाय, ताई," ते म्हणाले. "सगळी दारं चांगली. उद्या पोरगी आली तर तिला काय वाटंल? की काही झालंच न्हाई म्हणून?"

तेवढ्यात पुढच्या हमालानं दाराची कड गेटच्या खांबाला आपटली. साहेबांचा हात वर गेला. मी तो हात चांगला ओळखते, तो असा गेला की खाली येणारच. हमालानं डोळे मिटून खांद्यात मान घातली. हात वरच राहिला. मग तो खाली आला आणि त्यानं दाराची कड धरली. "सरक," ते हमालाला म्हणाले. "मी घेतो."

ते मागंच चढले, सामानात. वहिनी पुढं हनीफभाईंशेजारी बसल्या. आडवं ठेवा, दोरीनं बांधा, असं हनीफभाई सांगत होते, पण साहेबांनी दार उभंच धरलं आणि त्याच्यामागं उभे राहिले. "यल्ला," ते आतून म्हणाले. पिकअप निघाला. मी गेटमध्ये उभी होते. मला त्यांचं तोंड दिसलं नाही. दोन्ही कडांवर घट्ट धरलेली बोटं दिसत होती, आणि भोकातून त्यांचा पांढरा शर्ट.